एका अर्जावर दोन मुली

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेतील दहावीच्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज फेटाळला गेला. कारण एकाच ओळीत लिहिलेले होते, 'पालकांविषयी दिलेली माहिती खोटी आढळली.' मुलीचे नाव इथे लिहीत नाही. गाव लहान आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचेही नाव लिहीत नाही. त्यांच्या पैशावर दरवर्षी कितीतरी मुली अकरावीला प्रवेश घेतात.

पोचपावतीची प्रत काढून पाहिली. मुलीचे नाव, फोटो, नववीचे गुण, सगळे बरोबर. त्याखाली वडिलांचे नाव मात्र भलत्याच माणसाचे. व्यवसाय, उत्पन्न, पत्ता, बँक खात्याचा क्रमांक, सगळे त्याच भलत्या माणसाचे. मुलीचे वडील हातगाडीवर फळे विकतात. पावतीवरचे वडील दुसऱ्या तालुक्यातले शेतकरी होते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गेली सोळा वर्षे मराठी शिकवतो. (घरात 'हम' म्हणायची सवय आहे, मराठी लिहितानाही 'मी' हातून उतरत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) या सोळा वर्षांत अर्जांतल्या इतक्या चुका पाहिल्या की मोजदाद नाही. जन्माच्या दाखल्यावर 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शैख', आधार कार्डावर तिसरेच काहीतरी. उर्दूतले नाव मराठीत आणताना एक अक्षर बदलते, मराठीतले इंग्रजीत आणताना दुसरे. त्यामुळे अर्ज परत आला की आमचा पहिला विचार ठरलेला असतो: भरणाऱ्याने नीट पाहिले नाही.

मुलगी म्हणाली, "टीचर, बटण दाबायच्या आधी पडद्यावर अब्बांचंच नाव होतं. मी दोनदा वाचलं."

आम्ही वर्गात, सगळ्या मुलींसमोर म्हणालो, "मग काय कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने दुसरे अब्बा शोधून आणले?" मुली हसल्या. ती खाली मान घालून उभी राहिली. तिच्या वहीत आम्ही पालकांसाठी शेरा लिहिला, 'अर्ज भरताना निष्काळजीपणा.' दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. हातगाडी फाटकाबाहेर लावून आले होते आणि सारखे मागे वळून तिकडे पाहत होते. म्हणाले, "मॅडम, खोटी माहिती असं लिहिलंय. आम्ही खोटं कशाला लिहू?" आम्ही त्यांनाही तेच सांगितले, जे नेहमी सांगतो: कॅफेत घाईत भरून घेता, मग असे होते.

त्यानंतर सुट्टीत आमची भाची पुण्याहून आली. बहिणीची मोठी मुलगी. दहा वर्षांपासून जावा नावाच्या संगणकीय भाषेत सर्व्हरवरचे प्रोग्रॅम लिहिते. रात्री भांडी आवरता आवरता आम्ही तिला हा किस्सा हसत हसत सांगितला, आजकालच्या मुलींच्या बेफिकिरीचा नमुना म्हणून. ती हसली नाही. हातातला टॉवेल ठेवून म्हणाली, "खाला, अर्ज शेवटच्या दिवशी भरला होता का?"

"हो. रात्री पावणेबारा वाजता. साइट चालतच नव्हती, मुली संध्याकाळपासून बसल्या होत्या."

"आणि तो दुसरा माणूस खरोखर कुठे आहे का? त्याचीही मुलगी त्याच शिष्यवृत्तीला बसली होती का?"

हा प्रश्न आमच्या डोक्यातही आला नव्हता. पावतीवरच्या पत्त्यात ज्या तालुक्याचे नाव होते, तिथे आमच्या बीएडच्या वर्गातली एक मैत्रीण शिकवते. तिला फोन केला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. माणूस खरा होता. शेजारच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील. त्या मुलीनेही अर्ज भरला होता आणि तिची पावती अगदी बरोबर होती. मैत्रिणीने फोटो पाठवला. पावतीच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली होती. दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. दिवस तोच, तास तोच, मिनिटही तेच.

भाची म्हणाली, "तुमच्या मुलीने काही चूक केली नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की एका वेळी एकच मुलगी येणार."

आता हे नीट समजून घेतल्याशिवाय आम्हाला झोप येणार नव्हती. तिने समजावले ते आम्हाला जसे कळले तसे इथे मांडतो. आपल्या घरांतली मुले आता याच क्षेत्रात जात आहेत आणि आपले दाखले, फी, पगार, हजचे अर्ज, सगळे याच यंत्रांतून जात आहे, म्हणून थोडे विस्ताराने.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी चालू असलेला संगणक. आपण बटण दाबतो तेव्हा त्याच्याकडे एक मागणी जाते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक मागणीसाठी सर्व्हरवर एक वेगळा प्रोग्रॅम नव्याने सुरू व्हायचा आणि काम झाले की बंद व्हायचा. भाचीच्या शब्दांत, दावतीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी नवी चूल पेटवायची आणि त्याचे जेवण झाले की विझवायची. पाहुणे दहा असतील तर चालते, हजार आले की सरपण संपते. १९९७ च्या सुमारास जावात 'सर्व्हलेट' आले. त्यात चूल एकदाच पेटते आणि पेटलेलीच राहते. प्रत्येक पाहुण्यासाठी फक्त एक वाढपी धावतो. या वाढप्याला 'थ्रेड' म्हणतात, म्हणजे धागा. टॉमकॅट नावाचा प्रसिद्ध सर्व्हर आहे. त्यात कोणी मुद्दाम बदल केला नसेल तर असे जास्तीत जास्त २०० धागे एका वेळी धावू शकतात.

इथपर्यंत सोयच सोय. गोची पुढे आहे. धागे दोनशे असले तरी ज्या सर्व्हलेटमधून ते जातात त्याची प्रत साधारणपणे एकच असते. प्रत्येक धाग्याजवळ स्वतःची अशी जागा असते; तिथे ठेवलेली वस्तू दुसऱ्या धाग्याला दिसत नाही. पण सर्व्हलेटच्या स्वतःच्या अंगावर जे खण असतात ते सर्वांना सामाईक. वाढप्याच्या हातातले ताट त्याचे एकट्याचे, पण ओट्यावरची परात सगळ्यांची.

आता त्या रात्री पावणेबाराला काय झाले असावे ते पाहा. आमच्या मुलीचा धागा आला. त्याने तिच्या वडिलांचे नाव, उत्पन्न, खाते क्रमांक सामाईक परातीत ठेवले आणि तिचे गुण तपासायला दुसऱ्या यंत्राकडे गेला. ही तपासणी सेकंदाच्या काही भागात होते, पण शेवटच्या रात्री गर्दीमुळे तिला जास्त वेळ लागला. तेवढ्यात दुसऱ्या मुलीचा धागा आला. त्याने परातीतले पुसून आपल्या मुलीच्या वडिलांची माहिती ठेवली. मग आमच्या मुलीचा धागा परत आला, परातीत जे दिसले ते उचलले आणि नोंद करून टाकली. त्याने पाहिलेच नाही की मधे कोणी हात घातला आहे. पाहण्याची सोयच नव्हती. मुलीचे नाव आणि फोटो बचावले, कारण ते तिच्या खात्यातून वेगळ्या मार्गाने येत होते.

भाचीने कोड पाहिलेला नव्हता, हे तिने स्वतःच दोनदा सांगितले. पण एकाच मिनिटाच्या दोन पावत्या, एकीचा अर्धा भाग दुसरीत, आणि तोही गर्दीच्या रात्री, ही लक्षणे तिच्या ओळखीची होती. या दोषाला 'रेस कंडिशन' म्हणतात. शर्यतीत कोण आधी पोहोचतो त्यावर उत्तर बदलते.

आम्ही विचारले, "मग तपासताना हे दिसलं कसं नाही?"

"तपासणारा एकटा असतो ना, खाला. तो अर्ज भरतो, बरोबर येतो. पुन्हा भरतो, पुन्हा बरोबर येतो. शंभरदा भरला तरी बरोबरच येणार. दोघांनी एकाच क्षणी भरला तरच बिघडतो, आणि तसं शेवटच्या रात्रीच होतं. दुसऱ्या दिवशी आपण तक्रार केली की ते पुन्हा भरून बघतात आणि म्हणतात, आमच्याकडे तर नीट चालतंय."

हे ऐकून आम्हाला आमचेच वाक्य आठवले. कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने दुसरे अब्बा शोधून आणले का? शब्दशः नाही, पण जवळजवळ तसेच झाले होते.

भाची आणखी चार दिवस होती. रोज रात्री चहा झाला की आम्ही तिला याच विषयावर बसवायचो. तिची आई म्हणाली, पोरगी सुट्टीला आली आहे की शिकवणीला! पण हा धोका इतका जुना असेल तर त्याचा बंदोबस्त कोणी केला नाही का, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते.

बंदोबस्त झाला होता. १९९८ मध्ये सन कंपनीने 'एंटरप्राइज जावाबीन्स' नावाची चौकट आणली. तिच्यामागचा विचार आम्हाला शिक्षक म्हणून फार पटला. बँकेचा किंवा कारखान्याचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस हिशेब जाणतो, व्याज जाणतो; धाग्यांची गुंतागुंत त्याने का जाणावी? म्हणून चौकट त्याला सांगते: तू तुझा हिशेबाचा तुकडा असा लिही, जणू जगात एकच ग्राहक आहे. या तुकड्याला 'बीन' म्हणायचे. गर्दी सांभाळणे, एका वेळी बीनमध्ये एकालाच सोडणे, व्यवहार अर्धवट राहिला तर मागे फिरवणे, हे सगळे मी पाहीन. हे पाहणाऱ्या व्यवस्थेला 'कंटेनर' म्हणतात.

आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहेत. मुली चाळीस, सूक्ष्मदर्शक सहा. विज्ञानाच्या शिक्षिका कपाटातून एकेक काढून देतात. एकावर एका वेळी एकच मुलगी. तिचे झाले की ते कपाटात जाते आणि तिथून पुढच्या मुलीला मिळते. कंटेनरही बीनच्या प्रती अशाच बाळगतो. एका प्रतीत एका वेळी एकच धागा, असे त्याचे वचन असते. अट एवढीच की जाताना आपली काचपट्टी सूक्ष्मदर्शकात ठेवून जायची नाही. ठेवली तर पुढची मुलगी डोळा लावील आणि तुमची कांद्याची साल स्वतःची म्हणून वहीत काढील. भाची म्हणाली की अनुभवी लोकांच्या हातूनही हे राहून जाते. धागेही असेच पुन्हा पुन्हा वापरले जातात, आणि धाग्याच्या खिशात आधीच्या माणसाची ओळख तशीच राहिली तर पुढचा माणूस त्याच ओळखीने आत शिरतो.

या चौकटीचा एक नियम मात्र लोकांना जाचत असे. बीनने स्वतः नवा धागा सुरू करायचा नाही, थांबवायचा नाही. प्रतींमध्ये आपापसात ताळमेळ राहावा म्हणून स्वतःची कुलपेही लावायची नाहीत. कामाच्या माणसाला वाटायचे, मला एकाच वेळी तीन ठिकाणांहून माहिती आणायची आहे, तीन धागे सोडले तर काम लवकर होईल, मग मनाई का? भाचीने उत्तर सहलीच्या भाषेत दिले आणि ते आम्हाला लगेच कळले. सहलीला निघताना आपण यादी करतो, बसमध्ये चढताना डोकी मोजतो, उतरताना पुन्हा मोजतो. एखाद्या मुलीने आपल्या मनाने शेजारच्या दोन मैत्रिणींना बसमध्ये घेतले तर त्या यादीत नसतात. हरवल्या तर आपल्याला कळत नाही, बस निघाली तर त्या मागे राहतात. कंटेनरची यादी धाग्याला बांधलेली असते: हा कोणाचा व्यवहार, याला कशाची परवानगी. बीनने चोरून सोडलेला धागा या यादीबाहेर. तो चुकला तर व्यवहार मागे फिरवताना त्याचे काम मागे फिरत नाही. पुढे २०१३ मध्ये यावर रीतसर मार्ग निघाला. कंटेनरकडूनच धागे मागून घ्यायचे, म्हणजे मैत्रिणींची नावे आधी यादीत घालून मग बसमध्ये चढवायचे.

सर्व्हलेटच्या बाजूनेही एक सोपा उपाय देऊन पाहिला होता. सर्व्हलेटवर एक पाटी लावायची, 'एका वेळी एकच धागा'. पाटी लावली की लिहिणारा निर्धास्त. पण त्या सर्व्हलेटबाहेरही सामाईक जागा असतात, आणि तिथे पाटीचा काही उपयोग नव्हता. परात झाकली, पण मिठाची बरणी उघडीच राहिली. २००३ मध्ये ही पाटी वापरू नका असे अधिकृतपणे सांगण्यात आले आणि तिच्या जागी दुसरी दिली नाही. आम्हाला हा निर्णय आवडला. खोटी खात्री देणारी वस्तू घरात नसलेली बरी.

मग कुलूप लावले तर? एक धागा आत गेला की दार बंद, बाकीचे बाहेर रांगेत. चूक होणार नाही, पण दोनशे वाढपी एका दाराशी उभे राहतील आणि पाहुणे उपाशी. शिवाय दोन कुलपे आली की वेगळाच पेच. एका शिक्षिकेकडे प्रयोगशाळेची किल्ली आहे आणि तिला कपाटाची हवी आहे. दुसरीकडे कपाटाची आहे आणि तिला प्रयोगशाळेची हवी आहे. दोघीही आपापली सोडायला तयार नाहीत. तास संपेपर्यंत दोघी उभ्या. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये असा एक पेच विद्यार्थ्यांना परीक्षेत घातला होता. पुढे त्याची गोष्ट झाली: गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ, प्रत्येक दोघांच्या मधे एकच काटा, आणि जेवायला दोन काटे लागतात. सगळ्यांनी आपल्या डावीकडचा उचलला की पाचही उपाशी. दस्तरखानावर हाताने जेवणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नसता, असे आम्ही म्हणालो, तेव्हा भाची पहिल्यांदा मनापासून हसली.

२००९ मध्ये त्याच चौकटीत कुलपाचा एक शहाणा प्रकार आला. ज्या बीनची सबंध सर्व्हरवर एकच प्रत ठेवायची, तिच्यासाठी वाचणाऱ्यांचे कुलूप वेगळे आणि लिहिणाऱ्यांचे वेगळे. सूचनाफलक वाचायला कितीही मुली एकदम उभ्या राहोत, पण शिपाई नवी सूचना लावतो तेव्हा सगळ्यांनी बाजूला व्हायचे. आणि लिहिणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर कंटेनर कडक कुलूपच धरून चालतो. आधी सुरक्षित, मग जलद.

मग आमच्या मुलीच्या वेळी हा कंटेनर कुठे होता? भाचीने सांगितले की ही चौकट फार जड वाटू लागली, म्हणून लोक हलक्या चौकटींकडे वळले. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध 'स्प्रिंग', २००४ पासूनची. ती स्वतःही हीच वापरते आणि तिची तारीफ करते. पण तीत बीनची प्रत मुळातच एक असते, आणि धागे त्या एकाच प्रतीतून एकदम जाऊ शकतात. एकेकाला सोडायचे वचन इथे नाही. जुन्या घरातला पहारेकरी नव्या घरात नसतो, हे घर बदलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतेच असे नाही. पुस्तक वाचून नोकरीला लागलेल्या मुलाने वडिलांचे नाव बीनच्या खणात ठेवले असेल, आणि ते चालले असेल, आठ-दहा महिने, शेवटच्या तारखेपर्यंत. २०२३ मध्ये जावाची एकविसावी आवृत्ती आली, तीत धागे इतके स्वस्त झाले आहेत की लाखो सोडता येतात. वाढपी वाढले. परात सामाईक असेल तर ती अजूनही सामाईकच आहे.

जाण्याच्या आदल्या रात्री तिने एक गोष्ट सांगितली, ती सर्व्हरची नाही, पण जात तीच. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेराक-२५ नावाच्या यंत्राने कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार दिले जात होते. त्यात सहा अपघात झाले. रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरणोत्सर्ग मिळाला, काहींचा त्यात जीव गेला. रुग्ण म्हणत होते, अंग भाजले. बनवणारे म्हणत होते, या यंत्रातून जास्त मात्रा जाणे शक्यच नाही. टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयात शेवटी एका भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सोबत घेऊन तेच तेच पुन्हा करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. बाई सरावलेल्या होत्या. चुकीचे अक्षर पडले की झटकन मागे जाऊन दुरुस्त करत. पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्रातले दुसरे काम तोवर जुनीच आज्ञा घेऊन पुढे गेलेले असे. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हाती हे कधीच झाले नसते.

पडद्यावर बरोबर दिसत होते. आमची मुलगीही हेच सांगत होती. तिची शिष्यवृत्ती गेली एवढेच, जिवावर काही बेतले नाही. पण 'शक्यच नाही' म्हणणाऱ्यांच्या रांगेत त्या दिवशी आम्ही होतो.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच तासाला आम्ही खडू घेतला आणि फळ्यावर ४० लिहिले. दोन मुलींना उभे केले. सांगितले, फळ्यावरचा आकडा वाचा, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन कडुनिंबाचे एक पान आणा, आणि वाचलेल्या आकड्यात एक मिळवून तो फळ्यावर लिहा. आधी एकीला पाठवले. ती आली, ४१ लिहिले. मग दुसरीला. ४२. आता फळा पुसून पुन्हा ४० लिहिले आणि दोघींना एकदम पाठवले. दोघी ४० वाचून धावल्या. पहिलीने येऊन ४१ लिहिले. दुसरीने येऊन ते पुसले आणि पुन्हा ४१ लिहिले. पाने दोन, आकडा एकाने वाढलेला. वर्गात गोंधळ उडाला. एक म्हणाली दुसरीने चूक केली, दुसरी म्हणाली टीचरने सांगितले तेच केले. आम्ही विचारले, "चूक कोणाची?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक म्हणाली, "ज्याने खेळ असा ठरवला त्याची."

तेव्हा आम्ही त्या मुलीला जागेवरच उभे राहायला सांगितले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो की तिने अर्ज बरोबर भरला होता, चूक तिची नव्हती, आणि आम्ही तिला तिच्यावर हसायला लावले, ती चूक आमची. वही मागवून शेरा खोडला, शेजारी तारीख घालून सही केली. शिक्षकाने मुलांसमोर माफी मागू नये, धाक राहत नाही, असे आमचे काही सहकारी म्हणतात. आम्हालाही बीएड करताना तसेच काहीसे वाटायचे. संध्याकाळी हातगाडीपाशी जाऊन वडिलांशी बोललो. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी घरी बोलतच नव्हती. आता सांगतो तिला." आणि आम्ही नको नको म्हणत असताना पिशवीत चार संत्री टाकली.

संस्थेला आम्ही पत्र लिहिले. दोन्ही पावत्यांच्या प्रती जोडल्या, वेळेखाली लाल रेघ मारली. भाचीने एक परिच्छेद सांगून लिहवला, त्यात फक्त एवढेच की सामाईक ठिकाणी अर्जदाराची माहिती ठेवली जाते का ते पाहावे. उत्तर यायला तीन आठवडे लागले. 'तांत्रिक अडचण दूर करण्यात आली असून अर्ज पुन्हा विचारात घेतला आहे.' 'खोटी' हा शब्द मागे घेतल्याचे त्यात नव्हते. रक्कम इतर मुलींपेक्षा दोन महिने उशिरा आली. तोवर अकरावीची फी वडिलांनी उसनवारीने भरली होती.

पत्र दाखवले तेव्हा मुलगी खूश झाली. मग थोडा विचार करून तिने विचारले, "टीचर, त्या काकांचा खाते नंबर माझ्या कागदावर आला. माझ्या अब्बांचा नंबर कुणाच्या कागदावर गेला असेल का?"

आम्ही रात्री भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "जाऊ शकतो, खाला. त्या मिनिटात तुमच्या मुलीच्या आधी कोणी आली असेल आणि तपासणीत अडकली असेल, तर तिच्या अर्जात. शोधायचं तर त्या रात्रीचे सगळे अर्ज काढून कोणते खाते क्रमांक दोनदा आले ते पाहावं लागेल. त्यांनी मनात आणलं तर एका दुपारचं काम आहे."

म्हणून आम्ही दुसरे पत्र लिहिले. त्यात मागणी एवढीच आहे: त्या रात्रीचे दोनदा आलेले खाते क्रमांक शोधा, आणि ज्या मुलींचे अर्ज 'खोटी माहिती' म्हणून परत पाठवले त्यांना कळवा. मैत्रिणीच्या तालुक्यातल्या त्या शेतकऱ्यानेही त्यावर सही केली. पत्र पोहोचल्याची पावती आली आहे, उत्तर अजून नाही. पुढच्या महिन्यात या वर्षीचे अर्ज सुरू होतील. आमच्या वर्गातल्या मुली ते पहिल्या आठवड्यात, दुपारी भरणार आहेत, आणि पावती हाती आल्यावर वडिलांच्या नावापासून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत दोघी दोघींनी मिळून मोठ्याने वाचणार आहेत.